दोनशे उड्या, तेहतीस मिनिटं

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या शिवारात सिंदफणा नदीच्या काठाकाठानं जुन्या विहिरी आहेत. विहिरीची खोली आमच्याकडे परसात सांगतात. आठ-नऊ परसांची, म्हणजे ५० फुटांची विहीर असली तर तिचं कुणाला नवल वाटत नाही. लहानपणी आम्ही काठावर पालथे पडून खडा सोडायचो आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत मोजायचो. पुढं शाळेत गुरुत्वाकर्षणाचं सूत्र हाती आलं, तेव्हा त्या खेळाचा हिशेब मांडता आला. खडा पावणेदोन सेकंदांत तळ गाठतो आणि आपटतो तेव्हा त्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर असतो. मोकळ्या रस्त्यावर एसटी धावते तेवढा. हा ६२ चा आकडा ध्यानात ठेवा. आकाशातून उड्या मारणाऱ्यांचा जीव ज्या प्रश्नात अडकतो, तो फिरून याच आकड्यापाशी येतो.

स्कायडायव्हिंगच्या विमानाचं दार साधारण १३,००० फुटांवर उघडतं. अशा २६० विहिरी एकीवर एक रचल्या तर ती उंची भरते. तीच जमिनीवर आडवी टाकली तर सव्वा कोस होते, पायी निघालं तर तासाभराची वाट. उडी घेणारा ती वाट मिनिटाभरात संपवत आणतो. पोटावर आडवा होऊन पडणारा माणूस पहिल्या दहा-बारा सेकंदांत वेग पकडतो. मग हवेचा विरोध आणि त्याचं वजन यांची बरोबरी होते आणि वेग ताशी १९५ किलोमीटरच्या आसपास ठरून जातो. सेकंदाला ५४ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेतीन विहिरी. आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या मोठ्या पवनचक्क्या भरवाऱ्यात फिरतात तेव्हा त्यांच्या पात्याचं टोक याहूनही जोरात, ताशी अडीचशेच्या वर जातं. खालून बघणाऱ्याला मात्र ते संथ वाटतं. वरून पडणाऱ्यालाही जमीन तशीच संथ वाटते, अगदी शेवटच्या हजार-दीड हजार फुटांपर्यंत. डोळा इथं दगा देतो, म्हणून मनगटावर उंचीमापक बांधावा लागतो.

या वेगात हवा किती जोरानं लागते? एक चौरस मीटर कापड वाऱ्याला आडवं धरलं तर त्यावर सुमारे दीडशे किलोचा रेटा येतो. दीड क्विंटल कापूस त्या कापडावर ठेवल्यासारखा. हे वाचून २०१८ च्या फेब्रुवारीतली एक उडी आठवावी. पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमधल्या पट्टायाला नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी घेतली. पदर, निऱ्या, कासोटा, सगळं तेवढ्या वाऱ्यात जागच्या जागी राहिलं पाहिजे. सुटलेलं एखादं टोक हँडलवर आलं तर छत्री उघडायची पंचाईत. वर्तमानपत्रांनी साडीचे फोटो छापले. मला त्या फोटोंत तयारी दिसली. साडीवरून चढवलेला पॅराशूटचा सांगाडा, हेल्मेट, गॉगल, बूट, काही विसरलेलं नव्हतं. तोवर शेकडो उड्या त्यांच्या गाठीशी होत्या आणि २०११ साली पद्मश्रीही मिळाली होती.

त्या नऊवारीनं मला एक माप दिलं. नऊ वार म्हणजे २७ फूट, पन्हा साधारण ४ फूट. गुणाकार केला की १०८ चौरस फूट. पॅराशूटच्या कापडाच्या पंखाला, म्हणजे कॅनॉपीला, चौरस फुटांतच मोजतात, आणि १०८ च्या आसपासची कॅनॉपी बाजारात खरोखर मिळते. एक लुगडं म्हणजे एक छोटी कॅनॉपी. (कॅनॉपीला वरचा आणि खालचा असे दोन थर असतात, मध्ये कप्प्यांच्या भिंती असतात, त्यामुळं प्रत्यक्ष कापड दुपटीहून जास्त लागतं, माप मात्र वरून दिसणाऱ्या पसाऱ्याचं धरतात.)

आता याच मापानं मोजत जाऊ. नवशिक्याला २४० चौरस फुटांची कॅनॉपी दिली तर ती सव्वादोन लुगड्यांची. प्रशिक्षकाला बांधून उडी मारतात ती टँडेमची छत्री ३६० च्या घरात, सव्वातीन लुगडी. अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची टी-१० ही जुनी गोल छत्री ३५ फूट व्यासाची, म्हणजे जवळजवळ नऊ लुगडी. गगनयानाच्या कुपीसाठी बनवलेली मुख्य छत्री २५ मीटर व्यासाची. सपाट पसरली तर एकीत ४९ लुगडी, आणि अशा मुख्य छत्र्या तीन. आणि दुसऱ्या टोकाला, वेगाच्या नादी लागलेले अनुभवी उडीबाज ८० चौरस फुटांवर, पाऊण लुगड्यावर जमिनीकडं येतात.

१७९७ च्या २२ ऑक्टोबरला आंद्रे-जाक गार्नरॅं पॅरिसवर फुग्यातून रेशमी छत्री घेऊन उतरला. दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसापासून पुढं दीडशेहून जास्त वर्षं छत्रीचं काम एकच होतं, पडणं मंदावणं. १९६४ मध्ये डॉमिना जॅल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसानं कप्प्याकप्प्यांचा, हवेनं फुगणारा पंख काढला आणि छत्री उडू लागली. ती पुढं जाते, वळते, जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या ओढल्या की अलगद थांबते. याच सोयीतून नवा धोका निघाला. जी वस्तू उडते, ती जोरात आपटूही शकते.

किती जोरात, ते वजन आणि कापड यांच्या भागाकारावर ठरतं. याला विंग लोडिंग म्हणतात. समजा माणूस ७५ किलोचा, अंगावरचा सरंजाम १२ किलोचा. दोन्ही मिळून ८७ किलो, म्हणजे १९२ पौंड. भागिले २४० चौरस फूट, उत्तर ०.८. हाच माणूस एका लुगड्यावर, १०८ वर आला की आकडा १.७८. पाऊण लुगड्यावर, ८० वर, २.४. उडण्याचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सव्वादोन लुगड्यांवर तो ताशी ३६ किलोमीटरनं येत असेल, तर एका लुगड्यावर ५४ नं येईल आणि पाऊण लुगड्यावर ६२ नं.

विहिरीच्या तळाचा तो ६२ इथं परत आला. आणि हा वेग छत्री पूर्ण उघडलेली, कुठंही फाटलेली नाही, काहीही बिघडलेलं नाही अशा अवस्थेतला, सरळ उड्डाणातला आहे. दोऱ्या योग्य क्षणी ओढल्या तर माणूस पाखरासारखा टेकतो. एका सेकंदाची चूक झाली तर ५० फुटी विहिरीत उडी टाकल्यासारखा, खाली पाणी नसताना. ३६ आणि ६२ मध्ये वेगाचा फरक पावणेदोन पटीचा. पण हाडं मोडतात ती ऊर्जेनं, आणि ऊर्जा तिप्पट होते.

मृत्यूंचे आकडे मात्र वेगळंच चित्र दाखवतात. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेनं २०२४ साली ३८.८ लाख उड्या मोजल्या, मृत्यू ९. म्हणजे ४ लाख ३१ हजार उड्यांमागं एक. आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५,८५,०४९ होती. अख्खा जिल्हा, आष्टीपासून परळीपर्यंतचं तान्हं मूल आणि म्हातारं माणूस धरून, एकेकदा विमानातून उडाला तर या दरानं ६ जण दगावतील. १९७० च्या दशकात त्याच देशात वर्षाला सरासरी ४० हून जास्त माणसं जात होती. आता रस्त्याकडं बघा. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दर तीन मिनिटांना एक. विमानाच्या दारातून बाहेर पडून जमिनीला पाय लागेपर्यंतच्या सहा मिनिटांत देशातल्या रस्त्यांवर दोन घरं उजाड होतात. ही तुलना पुरती न्याय्य नाही, हे मलाही कळतं. रस्त्यावर रोज कोट्यवधी लोक उतरतात, उडी हजारात एखादाही मारत नाही. तरी भीती कशाची वाटावी आणि कशाची वाटत नाही, हे त्यातून दिसतं.

मृत्यू कमी झाले ते यंत्रांमुळं आणि शिस्तीमुळं. बिल बूथ यांच्या तीन कड्यांच्या जोडणीमुळं बिघडलेली छत्री एका झटक्यात सोडून देता येऊ लागली. १९९१ मध्ये जर्मनीत हेल्मुट क्लोथ यांनी सायप्रेस नावाचं यंत्र आणलं. माणूस बेशुद्ध पडला किंवा त्याचं भान हरपलं तरी ते आपणहून राखीव छत्री उघडतं. त्याचा हिशेब असा: जमीन २२५ मीटरांवर आली आणि पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरांहून जास्त असला, तर राखीव छत्रीची दोरी काप. मोकळ्या पडण्याच्या वेगानं २२५ मीटर म्हणजे उरलेली चार सेकंदं. या चार सेकंदांनी किती आयांची लेकरं घरी परत आणली असतील.

पण यंत्राला एवढंच कळतं, वेग आणि उंची. छत्री छान उघडलेली आहे, माणूस शुद्धीवर आहे आणि चुकीचं वळण घेऊन सेकंदाला २० मीटरनं जमिनीकडं झेपावतोय, तर यंत्राच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. उलट, वेगानं झेपावत उतरणाऱ्या तरबेज लोकांसाठी सायप्रेसचा वेगळा प्रकार काढावा लागला, कारण साधं यंत्र त्यांना पडणारा माणूस समजून भलत्या वेळी राखीव छत्री उघडेल अशी भीती होती. बूथ यांचं या खेळाबद्दलचं एक निरीक्षण सगळे उडीबाज जाणतात: साधनं जसजशी सुरक्षित होतात, तसतशी माणसं जास्त धोका पत्करतात. मला हे शंभर टक्के पटतं. छत्री उघडेल याची खात्री पटली, तेव्हा लोक ती लहान घेऊ लागले. म्हणून गेल्या काही दशकांत असे अपघात पुन्हा पुन्हा नोंदले गेले, ज्यात छत्री धडधाकट होती आणि माणूस गेला.

यावर नियम करायचा तर आकड्यांतच करावा लागतो. अमेरिकेत ए परवान्याला २५ उड्या, बी ला ५०, सी ला २००, डी ला ५००. नेदरलँड्समध्ये उड्यांच्या संख्येप्रमाणं किती लहान कॅनॉपी चालेल याचे तक्तेच सक्तीचे आहेत. उडीबाजांत एक ढोबळ सूत्रही चालतं: पहिल्या १०० उड्यांपर्यंत विंग लोडिंग १.० च्या पुढं नको, आणि पुढच्या प्रत्येक शंभराला ०.१ ची सूट. आपल्याकडं ७ जून २०२२ ला राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आलं, त्यातल्या ११ प्रकारांत स्कायडायव्हिंग आहे. हे सगळं हवंच. यंत्रं आणि शिस्त कमी होती त्या काळात किती माणसं जायची, हे सत्तरच्या दशकातल्या आकड्यांनी सांगितलंच आहे.

तरीही उड्या मोजण्यात एक फसगत आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. उडीतली सहा मिनिटं एका तोलाची नसतात. जिथं कॅनॉपीची निवड जिवावर बेतते ती शेवटची दहा सेकंदं: वाऱ्याला तोंड करून सरळ होणं, उंचीचा अंदाज, दोऱ्या ओढण्याचा क्षण. ती दहा सेकंदं गुणून बघा. २५ उड्यांचा परवानाधारक म्हणजे २५० सेकंदं, चार मिनिटांच्या थोडं वर. २०० उड्या म्हणजे २,००० सेकंदं, ३३ मिनिटं. ५०० उड्यांचा डी परवाना, सगळ्यांत वरचा, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं. त्या ढोबळ सूत्राप्रमाणं पाऊण लुगड्यावर जायला दीड हजार उड्या लागतात; उतरण्याचा सराव भरतो चार तास दहा मिनिटं. पोराला मोटारसायकल शिकवताना कुठला बाप त्याला तेहतीस मिनिटांच्या सरावावर भरबाजारात सोडेल? वही उड्या लिहून घेते, जमीन सेकंदं मोजते. त्यातही दोनशेच्या दोनशे उड्या एकाच ओळखीच्या मैदानावर, सकाळच्या शांत वाऱ्यात झाल्या असतील, तर अनोळखी जागी उतरण्याचा सराव शून्यच.

भागाकाराचा आकडाही सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. ४५ किलोची मुलगी, १० किलोचा सरंजाम, १२१ पौंड. तिला १.० चा नियम लावला तर हातात येते १२१ चौरस फुटांची कॅनॉपी, एका लुगड्याहून थोडी मोठी. १०० किलोचा गडी, १३ किलोचा सरंजाम, २४९ पौंड. त्याच १.० नं त्याला मिळतात २४९ चौरस फूट. कागदावर दोघं सारखी सुरक्षित. पण लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात. पाळणा आखूड दोरीचा असला की झटकन झुलतो, तसं ती झटकन वळते, झटकन खाली नाक करते. त्या मुलीला चूक सुधारायला त्या गड्याएवढा वेळ मिळत नाही. आपल्या भागातल्या मुली अंगानं बारीक असतात. तक्त्यातला आकडा बघून त्यांना लहान छत्री देणाऱ्या प्रशिक्षकानं आधी हे समजून घेतलं पाहिजे.

आकड्यात हवाही धरलेली नसते. बीडचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटरांवर आहे. वैशाखात पारा ४२ ला टेकतो. तेव्हा इथली हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते आणि तीच कॅनॉपी ८ टक्के जोरात उडते. ६२ चे ६७ होतात, आणि उडणाऱ्याला पत्ताही नसतो, कारण हाताला दोरी तशीच लागते. दुपारी शिवारात वावटळी उठतात. पाचोळा, चिपाडं गरगरत आभाळात जाताना आपण लहानपणापासून बघतो. वावटळीतला वारा ताशी साठच्या पुढं जाऊ शकतो; नवशिक्याची छत्रीच ३६ नं उडते. अशा वावटळीत छत्री जमिनीजवळ मिटून उडीबाज मेल्याच्या घटना उष्ण देशांत घडलेल्या आहेत. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमात शिकाऊ उडीबाजाला ताशी १४ मैल, म्हणजे साडेबावीस किलोमीटरपर्यंतच वारा चालतो. परवाना मिळाला की? मग मर्यादाच नाही. नियमानं तिथून पुढचा निर्णय माणसावर सोपवलाय.

एकदा कल्पना करून बघा. वारा चुकला आणि नेमलेलं मैदान सोडून उडीबाज आमच्या शिवारावर आला. खाली कपाशी, बांधाला बाभळी, पलीकडं विहीर, आणि उन्हात न दिसणारी विजेची तार. ती दिसते शंभर फुटांवर आल्यावर. हात आपोआप एक दोरी जोरात ओढतो. कॅनॉपी कलते, माणूस पाळण्यासारखा बाहेर फेकला जातो, पंख नाक खाली करतो आणि शंभर फूट पुरत नाहीत. तार चुकते, जमीन चुकत नाही. मोठ्या कॅनॉपीवर हेच वळण अर्धी दोरी ओढून, पंख फारसा न कलवता घेता येतं. लहानीवरही येतं, पण आधी शेकडो वेळा उंचावर घोटलेलं असेल तर.

शीतल महाजन यांची पहिलीवहिली उडी २००४ च्या १८ एप्रिलची, थेट उत्तर ध्रुवावर, २,४०० फुटांवरून, उणे ३७ अंशांत, आधी एकही सराव-उडी न घेता. उड्या मोजणारा कुठलाही तक्ता त्याला मान्यता देणार नाही. मला त्या धाडसाचं मोल कळतं. पण कुणी त्याला वाट समजू नये. त्यांच्याच २०२३ च्या नोव्हेंबरातल्या उडीकडून शिकण्यासारखं अधिक आहे. एव्हरेस्टसमोर त्यांनी २१,५०० फुटांवरून उडी घेतली. आकडा ऐकून छाती दडपते. पण उतरायचं होतं काला पत्थरला, १७,४४४ फुटांवर. खालची जमीन जेमतेम ४,००० फुटांवर होती, आपल्या ८० विहिरी. शिरूरवर त्याच उंचीवरून उडी घेतली असती, तर जमिनीपासूनचं अंतर याच्या चौपटीहून जास्त भरलं असतं. आणि तिथली हवा इतकी विरळ, की कुठलीही कॅनॉपी समुद्रसपाटीपेक्षा ३० टक्के जोरानं उतरते. एकोणीस वर्षांच्या उड्यांनंतर गाठलेली ही जागा आहे.

आपल्या तालुक्यातली पोरं-पोरी पहाटे रस्त्यावर पळतात, भरतीची तयारी करतात. त्यांतल्या कुणाला लष्कराच्या पॅरा पलटणीत जायचंय, कुणाला कधीतरी हौस म्हणून उडायचंय. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टँडेमला गेलात तर राखीव छत्री कधी घडी घातली ती तारीख विचारा, सायप्रेससारखं यंत्र चालू आहे का ते विचारा. पुढं स्वतःची कॅनॉपी घ्यायची वेळ आली, तर वहीतल्या उड्या आणि तक्त्यातला आकडा बघाच. पण नंतर डोळे मिटून ते शिवार समोर आणा. कपाशी, बाभळी, विहीर, तार, वैशाखातली दुपार. हीच कॅनॉपी घेऊन तिथं उतरता येईल, असं छातीवर हात ठेवून म्हणता आलं नाही, तर दुकानातून एक माप मोठी घ्या.